शेरा

जिमखान्याच्या वहीत चार रकाने :
तारीख, विरुद्ध संघ, गोल, शेरा.
मी राखीव खेळाडू, अक्षर बरं,
म्हणून वही माझ्याकडे.

धुळ्याला शून्य-सात.
शेरा : मैदान ओलं होतं.
त्यांनाही ओलंच होतं की, म्हणाला इरफान पिंजारी,
पण ते लिहू नकोस.

शिरपूरला एक-चार.
तो एकसुद्धा त्यांनीच आपल्या जाळीत घातलेला,
तरी आम्ही जयपाल गिरासेला खांद्यावर घेतलं,
कारण तो जवळ उभा होता.

साक्रीला शून्य-पाच. शेरा : बूट.
अकरा जणांत सात जोड.
दिवाण पावरा अनवाणीच गोल राखायचा,
सातपुड्याच्या उतारावर घडलेले पाय,
पण चेंडू म्हणजे शेळी नव्हे,
हाकेला थांबत नाही.

बागूल सर भूगोलाचे.
फळ्यावर आमचे बाण काढायचे
व्यापारी वाऱ्यांसारखे, वळणदार,
आणि सामन्यात आम्ही सगळे
एकाच ठिकाणी वाहायचो.

रात्री दहाला एसटी दोंडाईचाला लागे.
स्टँडवर हिलाल अप्पाची कढई अजून तापलेली.
"आज कितला खादात रे भो?"
आम्ही बोटं दाखवायचो.
तितकी भजी तो वरून टाकायचा, फुकट.
धुळ्याच्या रात्री आम्ही पोटभर जेवलो.

शेवटचा सामना घरचा.
नंदुरबारवाल्यांच्या गोलामागे मिरचीची पथारी,
एकरभर लाल,
तोंडाला फडकी बांधून बायका देठं खुडत बसलेल्या.
शून्य-पाच झाले, शांताराम ठेलारीचा घोटा मुरगळला,
सर माझ्याकडे न बघता म्हणाले,
वही ठेव. जा.

नऊ मिनिटं.
एकच चेंडू आला माझ्याकडे. मारला.
बांबूच्या वरून पुरुषभर उंच, थेट मिरचीत.
एका बाईने तो शोधून, झटकून, परत फेकला :
"ले भो, तुना चेंडू. आते तरी नेम धर."

त्यांच्या गोलकीपरने तो कवेत घेतला,
मग खाली ठेवला,
मग कपाळावरचा घाम पुसला.
त्याने मारलेली लाथ अर्धी चेंडूला लागली, अर्धी वाऱ्याला.
चेंडू घरंगळत हिरामण भोईच्या पायाशी.
हिरामणने आधी सरांकडे पाहिलं
(परवानगी मागावी तसं)
आणि आत ढकलला.

दिवाण आपला गोल सोडून
अख्खं मैदान ओलांडत पळत सुटला.
आम्ही हात पसरले.
तो आमच्यामधून निघून गेला,
हातात पाण्याचा तांब्या,
त्यांच्या पोराचे डोळे धुवायला.

एक-पाच.
हिलाल अप्पाने पाच भजी टाकली,
थांबला,
एक परत उचलली.

चेंडू जिमखान्यात ठेवून मी वही उघडली.
शेरा.
बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं : मिरची.
सरांनी न वाचता सही केली.
मी वही मिटली,
आणि त्याच हाताने
डोळा चोळला.