पंचेचाळीस टक्के

बियाणं नऊ टक्क्यांवर ठेवायचं,
त्याहून ओलं राहिलं की बुरशी धरते.
बावीस वर्षं हेच करते आहे मी,
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत,
चिमट्यानं, ओल्या कागदावर,
शंभर-शंभर दाणे, चार वेळा.

आता घरात एक लाकूड आलंय
त्याला पंचेचाळीस लागतात.

एप्रिलात आमच्या हवेत बारा असतात.
कधी अकरा.
दुपारी घातलेले पापड चहाच्या वेळेला डब्यात जातात,
दारं चौकटीत खुळखुळतात,
आणि ती पातळ फळी
कधी तडकेल याचा नेम नाही.

म्हणून साबणाच्या डबीला तापल्या सुईनं भोकं पाडली,
आत स्पंजचा तुकडा,
आणि रोज रात्री,
नळाला येऊन नऊ दिवस झाले असले तरी,
दोन चमचे पाणी तिच्या पेटीत.
घरात कुणी काही म्हणालं नाही.
इंदुवन्सं म्हणाल्या,
"एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या."
झाल्या असत्या.
पाटल्या कधी बरगडीला लावून ऐकल्यात का,
हे मी मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, चहा टाकते.

पॉलिसीचे पैसे होते. पुण्याहून आणली,
रात्रभर गाडीत दोन्ही हातांनी कवळून.
समोरची बाई परतूरला उतरायची होती, म्हणाली,
"काहून एवढं धरून बसल्यात? ठिवा की खाली."
नाही ठेवली.
पहाटे जालना आलं तेव्हा
हात माझे राहिले नव्हते.

पहिल्याच महिन्यात एक तार खरखरायला लागली.
कादराबादेत नईम मिस्त्री दारं करतात.
त्यांनी कलिंगड बघावं तशी टिचकी मारली,
थांबले. पुन्हा मारली.
"सागवान नै ये. ठंडे मुलुक का झाड है."
मग म्हणाले, "छोड के मत जाओ बाई,
सामने बैठो, सामने करता."
हाडाचा तो तुकडा नखाच्या पापुद्र्याइतका घासला.
तेवढा वेळ त्यांनी
दुकानातला पंखा बंद ठेवला होता.

एकदा वीज गेली
तर बॅटरीच्या उजेडात फळीवरच्या रेषा मोजल्या.
सवयच ती.
एका बाजूला एकशे अडतीस.
एकशे अडतीस हिवाळे,
त्यातला एकही आमच्याकडचा नाही.

पेटी उघडली की
नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा वास येतो,
पाचवी ब.
मांडीवर घेतली की पोट पोटाला टेकतं.
जाड तार छेडली
की आधी बरगडीला कळतं,
मग कानाला, मग
भांड्यांच्या फळीवरच्या एका स्टीलच्या पेल्याला.
कुठला पेला, ते अजून सापडलं नाही.

चार कॉर्ड येतात मला. एफ येत नाही.
तर्जनी आडवी टाकली
की सहातली एक तार गप्प बसते.
बसू दे.
आमच्याकडे शंभरात पंचाहत्तर उगवलं
की लॉट पास होतो.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं आता दगड झालीत.
सरकीवरची लव त्यांना कळत नाही,
ती मी उजव्या हातानं तपासते.
साहेबांनी विचारलं, भाजलं का?
हो म्हटलं.

आणि परवाची गोष्ट.
ती भिंतीला टेकून होती, कुणी हात लावलेला नव्हता.
गल्लीच्या तोंडाशी टँकरनं हॉर्न दिला
आणि तिची पाचवी तार
आपली आपण गुणगुणली.
खाली पाइपांची पळापळ, बादल्या, नावानं हाका,
माझ्याही नावानं.
मी कान लावून उभी.
ती गप्प होईपर्यंत थांबले,
मग पाइप घेऊन पळाले.
सातवा नंबर लागला.