शेजारी विचारा

मंडळाची साइट नव्यानं करायचं काम
मला मिळालं ऐन मे महिन्यात,
तेरमध्ये, तेरणेत नुसती वाळू असताना.
ऑफिस म्हणजे पतपेढीच्या माडीवरची खोली:
एक कूलर, त्यात पाणी ओतायचा तांब्या,
क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला कॉम्प्युटर
आणि मन्मथअप्पा:
सचिव तेच, टंकलेखक तेच, किल्लीही त्यांच्याच करदोट्याला.

जुनी साइट उघडली.
पिवळं 'सुस्वागतम्' डावीकडं पळत होतं
मागं कुत्रं लागल्यासारखं.
कोपऱ्यात तीन चित्रांची समई फडफडत होती,
धड विझेना, धड पेटेना.
मी वहीत लिहिलं: आधी हे काढायचं.

आतल्या नोंदी मात्र माझ्या मशीनला वाचता येईनात.
अप्पांनी सगळं कुठल्याशा जुन्या फॉन्टात टाइप केलेलं.
फॉन्ट गेला, आणि मातीच्या बाहुलीचं झालं
एक कंस, दोन टिंबं, डॉलरची खूण.
वीरगळाच्या जागी नुसते टक्के.
अप्पांनी चष्मा वर केला.
'ब्राह्मी हाय का ओ ही?'

मग बसलो दोघं. ते रजिस्टरातून वाचायचे, मी टाइप करायची.

एकशे बारा. शंखाची बांगडी, अर्धी.
ठिकाण: सुलाबाई कदमांच्या न्हाणीची मोरी.
शेरा: उरलेली अर्धी घावली तर आणून देते म्हणाली.

एकशे तेरा. दिवा, मातीचा.
इब्राहिम पिंजारींना पांढरीत सापडला.
शेरा: देण्याआधी नातवाच्या छठीला एकदा लावला.
काजळी धुतली नाही.

माझ्या तक्त्यात चार खाने होते:
काळ, प्रकार, माप, स्थिती.
मोरीला खाना नव्हता. काजळीलाही नव्हता.
'शेरे गाळू या अप्पा, मोबाइलवर एवढं कोण वाचतंय?'
ते काही बोलले नाहीत.
उठले, कूलरमध्ये पाणी ओतलं,
तांब्या जरा जोरात ठेवला.

पानाच्या तळाशी भेटींचा आकडा होता:
पाच हजार एकशे अठरा.
'एवढे लोक येतात?'
'कुठलं ओ. रोज सकाळी मीच उघडतो.
लाइट नसली की खाडा.
मधी पोरगी बघायची पुण्याहून.
आता तिलाबी लेकरं झाली.'

अध्यक्षांना सत्काराचा फोटो वर हवा होता,
उपाध्यक्षांना तो कुठंच नको होता.
मी तिथं बाहुली ठेवली:
नाक झिजलेली, कानांत जड कुंडलं,
कुणाच्याच गटातली नाही.
रंग घेतला खापराचा. अक्षरं मोठी केली.
सुस्वागतम् गेलं. समई गेली.
आकडा काढला त्या दिवशी
अप्पा चार वाजताच घरी गेले.

रात्री लातूरला आल्यावर पाचवा खाना जोडला: शेरा.
मोबाइलवर तो कडेला मावत नाही,
इब्राहिमभाईंचा नातू अर्धा बाहेर राहतो.
दोनदा दुरुस्त करून बघितलं, मग सोडून दिलं.

शेवटचं राहिलं ते नसलेल्या पानाचं पान.
कुणी जुन्या पत्त्यावर आलं, तर काय लिहायचं?
सगळीकडं असतं, 'पान सापडले नाही'.
अप्पांना फोन केला.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
'हितं न्हाई म्हणावं. शेजारी विचारा.'
'इंटरनेटवर शेजारी कोण, अप्पा?'
'ते तुम्ही बघा.'

तेवढंच लिहिलं. साइट सुरू झाली.
अध्यक्षांनी नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं.

परवा सहज सर्व्हरची नोंद चाळली.
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी भेटींच्या आकड्याचं जुनं पान उघडलंय.
ते आता नाही.
काल, सहा वाजून बारा.
आज खाडा. लाइट नसेल.