तुन्हं नाक, मन्हा हात

हिलाल मिस्तरीला दोन वर्षांपासून वास येत नाही.
तापातून उठला, तोंडाला चव आली,
नाक तेवढं परतलं नाही.
शेजारी पऱ्हाटीच्या आगटीत भरताची वांगी
कोळसा होत असतात,
तो शांतपणे नोझल धूत बसलेला असतो
आणि मी पळतो.

म्हणून अवधानच्या आमच्या शेडमध्ये गाडी आली
की सायलेन्सरमागे उकिडवा बसतो तो मी.
'तुन्हं नाक, मन्हा हात,' तो म्हणतो,
'आते सांग, काय वास येस?'

आधी मला नुसता धूर कळायचा.
मग कच्चं डिझेल कळलं, डोळ्यांत चरचरणारं.
कूलंट कळलं, जत्रेतल्या पाकासारखं गोड;
त्या गोडीला भ्यायचं, हेही कळलं.
आणि जळकं ऑइल. ते शर्ट सोडत नाही.
आई दारातूनच विचारते,
आज निळी गाडी होती का रे, भटू?

बागूल सिस्टरची गाडी पौषात आली,
आर्वीहून, ड्युटी संपवून, सकाळीच.
कंपनीच्या वर्कशॉपचा कागद तिने बॉनेटवर ठेवला,
उडू नये म्हणून वर मोबाइल.
टर्बो बदला. बासष्ट हजार.

'घाट चढताना, का उतरताना?'
ती गोंधळली. धूर मागे असतो, भाऊ,
मी पुढे बघून चालवते.
मग आठवून म्हणाली, टोलच्या रांगेत थांबले होते,
निघाले तेव्हा मागचा ट्रकवाला ओरडला.

पहिला पांढरा धूर मिस्तरीने जाऊ दिला.
थंडीची वाफ ती, आमच्याही तोंडातून निघत होती.
गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवली.
चहा आला, संपला.
मग त्याने पाय दिला
आणि समोरचा लळिंगचा किल्ला
निळ्यात पुसला गेला.
'सांग.'
ऑइल.
'नक्की?'
आईला विचारा.

इंटरकूलरचा पाइप सोडवला तर वाटीभर ऑइल सांडलं.
संपलं, मला वाटलं, कागद खरा.
मिस्तरीने टर्बोच्या तोंडात दोन बोटं घातली,
डोळे मिटले, पातं फिरवलं,
वर-खाली, आत-बाहेर ढकलून बघितलं.
सिस्टर पुढे सरकली. नाडी बघताय?
'शाफ्टले खेळ नही. हाऊ धडधाकट शे.
याचं खालून अडलंय.'
मग लघवी तुंबली म्हणा, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा हसली.

रिटर्न पाइप मीच खोलला.
आत लाल सिलिकॉनचा गोळा,
डाळिंबाच्या दाण्याएवढा.
हा बघा मूतखडा, सिस्टर म्हणाली.

मी बोललो नाही.
मागच्या दिवाळीत हीच गाडी, हाच फ्लँज,
धुळ्यात दुकानं बंद, गॅस्केट मिळेना,
आणि मी ट्यूब दाबली होती.
एकदा. मग अजून एकदा,
जास्त लावलं तर गळणार नाही म्हणून.

मिस्तरीने दाणा तळहातावर घेतला.
फळीवर ती ट्यूब होती, पोटात दबलेली.
तिकडे बघितलं त्याने.
माझ्याकडे नाही.

बिल त्याने बासष्ट हजारांच्या पाठीवरच लिहिलं:
ऑइल, फिल्टर, दोन गॅस्केट.
मजुरी लिहा की, भाऊ.
'मजुरी मांगला सालनी जमा शे.'
आणि हो, मफलरमध्ये जुनं ऑइल आहे,
जळेपर्यंत दोन दिवस धूर येईल,
ट्रकवाले ओरडतील. ओरडू द्या.

दिवेलागणीला शेडमध्ये एकही गाडी नव्हती.
मी पाने रॉकेलमध्ये टाकत होतो,
तेच तेच पाने, परत परत.
'आते काय वास येस?'
मागून विचारलं त्याने.
मी शर्टाची बाही नाकाशी नेली.
मन्हाच, म्हणालो.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
'बरं,' म्हणाला,
'आते वांगी पाय.'