गंगावेशीत, रात्री साडेनऊला

माणसाच्या तोंडाकडं मी बघत नाही.
वस्ताद म्हणायचे, आधी खांदा हलतो, मग पंजा.
खांदा बघत जा, बिल्किस.

सतरा दिवस शिंत्रेबाईंच्या डाव्या अंगाला,
अर्धं पाऊल मागं.
पतसंस्थेच्या हिशेबतपासनीस त्या.
अकरा कोटी कुठं मुरले ते उद्या
कसबा बावड्याला, कोर्टात सांगायचंय.

सतरा दिवस काहीच झालं नाही.
हे काम म्हणजे बहुतेक उभं राहणं:
मंडईत, बँकेत, दातांच्या दवाखान्यात,
लघवी दाबून, मोबाइल न बघता.
लोक विचारतात, पिस्तूल हाय काय?
नाही. शिट्टी आहे, मिरचीचा फवारा आहे.
आजा दसऱ्याला तलवारींना धार लावायचा,
माझ्या वाट्याला आले मोडलेले कान.

आज बाई म्हणाल्या, कट्ट्यावर दूध पिऊया.
वडील न्यायचे. म्हैस समोर, धार समोर,
ओठाला फेस.
मी म्हटलं, नको. ओळखीची जागा टाळायची असते.
त्या म्हणाल्या, 'उद्या जर का…'
वाक्य पुरं होऊ दिलं नाही मी.
'दहा मिनिटं,' म्हटलं.

बादल्यांचा आवाज. शेपटीचा फटकारा.
पलीकडं एक पोरगं, अंगावर टॉवेल.
एवढ्या उकाड्यात दोन्ही हात टॉवेलखाली?

खांदा हलला.

हाताला भिडले नाही, पायात शिरले.
पट.
तांबड्या मातीत हजारदा काढलेला,
इथं डांबरावर, शेणात, एक गुडघा फोडून.
कोयता खणकला. म्हैस बिथरली.
ग्लास कुठं गेला कळलं नाही.
चार सेकंद असतील, नसतील.
'आई गं' असं कोणतरी ओरडलं,
ते मीच असावे.

छातीखाली त्याचं काळीज उडत होतं,
तालमीत नव्या पोरांचं उडतं तसं.
एकोणीस-वीसचा. मिसरूड कोवळं.
आणि कान.
त्याचेही कान मोडलेले.

'कुठली तालीम?' तोंडातून निघून गेलं.
त्यानं सांगितली. वस्तादांचं नावपण घेतलं,
सवयीनं, आदरानं,
गाल रस्त्यावर दाबलेला असताना.
'मग हे कशाला रे?'
'खुराक,' म्हणाला. 'चार महिनं खुराक न्हाई, अक्का.'

पकड ढिली केली नाही मी.
करावीशी वाटली, एवढं मात्र खरं.
तळहातातलं रक्त त्याच्या टॉवेलला लागत होतं.
पोलिसांची गाडी शिवाजी पुलाकडून येत होती,
किंवा येतोय म्हणत होती.

बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या.
हात लटलट कापत होते,
पण त्यांनी पर्स उघडली, सुटे काढले,
दोनदा मोजले.

'दोन ग्लास,' म्हणाल्या.
गवळी म्हणाला, 'राहू दे की ओ ताई, एक तर सांडला.'

'सांडलेलाही धरा,' बाई म्हणाल्या,
'सांडलेलं कुणी धरत नाही, म्हणून तर
सगळा घोळ होतो.'