बावीस की बत्तीस

मेळवंकींच्या दुकानात काचेखाली दोघी निजलेल्या.
"इप्पत्तेरडु," ते एकीवर बोट ठेवतात,
"मूवत्तेरडु," दुसरीवर.
मग माझ्यासाठी: बावीस. बत्तीस.
कानडीत दोघींचं शेपूट सारखं, मराठीत तोंड.
फरक दहाचा, म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा,
तुरीचा दाणा नि हरभरा.

"आणि अडतीस?"
"ते सरकारचं, अक्का. आपल्याला दोनच."

घरी एक आहेच. अप्पांची बत्तीस.
भावांनी चिकोडीकडची जमीन घेतली,
मला हायवेवरचा पंप आला
आणि पंपामागून, दोन वर्षांनी, ती:
डीसी ऑफिसचे अकरा हेलपाटे,
फॉर्म कानडी, सही मराठी,
'कारण' या रकान्यात कारकुनानंच लिहिलं, रोख रक्कम.
अप्पांनी ती किती वेळा झाडली, कुणालाच ठाऊक नाही.
तपकिरीच्या डबीत रिकामी पितळी टोपणं निघाली, चार.
पाचवं कुठं गेलं असेल
ते मी आईला विचारलं नाही.

रविवारी बेळगावला रेंजवर जाते.
निपाणीची काळी माती चपलांना,
परतताना तिच्यावर तांबडी.
सुभेदार पाखरे आधी माझं मनगट दाबून बघतात,
बांगडी भरणाऱ्या कासारासारखे.
"बोअर मागनं ठरवू. हात काय म्हणतोय बघू की."

हात म्हणतो,
बत्तीस खांद्यापर्यंत येऊन बोलते.
तिसऱ्या गोळीपासून डोळे आवाजाच्या आधीच मिटतात,
कागद कोरा, मागच्या बांधातून धूळ.
क्लबची बावीस घेतली
तर वहीला टाचणी टोचावी तशी,
सहाच्या सहा एका वाटीत.
शिवाय काडतुसं स्वस्त.
बत्तीसची पेटी घेताना
मेळवंकीसुद्धा माझ्याकडे न बघता भाव सांगतात.

"पण बावीसनं माणूस थांबतो का?"
पाखरे कानातला कापूस काढतात, पुन्हा विचारायला लावतात.
"लागली तर थांबतो, बहुतेक.
बत्तीस चुकली तर पलीकडची भिंत थांबते.
भिंतीमागं कोण झोपलंय, ते तुम्ही बघायचं."

पंपाच्या ऑफिसमागं शिवाप्पाची पोरं झोपतात.

फेब्रुवारीत, तंबाखूच्या गाड्यांच्या दिवसांत,
रात्री अडीचला काचेवर लोखंड वाजलं.
शिवाप्पा गावाला गेलेला.
बाहेर उघडा माणूस, हातात चाकाचा पान्हा,
ओरडत होता,
कानडी नव्हे, मराठी नव्हे.
मी ड्रॉवर उघडला.
हरभरा की तूर, काही आठवलं नाही,
एवढंच आठवलं की बोट बाहेर ठेवायचं, चापाला लावायचं नाही,
आणि ते बोट
माझं ऐकत नव्हतं.

त्यानं दुसरा हात वर केला.
कॅन. रिकामा. उलटा धरून दाखवला.
मागे त्याच्या ट्रकच्या तोंडातून वाफ.

पाणी दिलं. त्यानं हात जोडले,
पान्हा काखेत धरून.
मी एकच हात बाहेर काढला.

हे मी पाखऱ्यांना सांगितलेलं नाही.
सांगितलं तर म्हणतील, बोट कुठं होतं?

आता निवडणूक लागली आहे. हत्यारं ठाण्यात जमा.
हवालदारानं अप्पांची बत्तीस
चिठ्ठी बांधून खणात ठेवली,
शेजारी कुणा देसायांची बारा बोअर.
पावतीवर तिचा नंबर, बापाचं नाव, माझं नाव,
सगळं गोल गोल अक्षरात.
ती ड्रॉवरमध्ये आहे, तिच्याच जागी.
काचेपाशी शिवाप्पा रोज एक कॅन भरून ठेवतो,
का, ते त्यानं विचारलं नाही.

मेळवंकींचा फोन: "अक्का, बावीस बाजूला काढून ठेवू?"
ठेवा, म्हटलं. ठेवू नका, म्हटलं.
मग अप्पांचं वाक्य तोंडात आलं,
ते या भागात कशालाही चालतं:
निकाल लागू दे, बघू.