एक अक्षर कमी

ट्रोम्सोच्या इस्पितळात, तळघरातल्या ग्रंथालयात
दुपारी दोनलाही दिवे लागलेलेच असतात.
नोव्हेंबरच्या अखेरीपासून सूर्य रजेवर.

आस्लाक ओल्या बुटांनी दारातच उभा:
"तुरिद, शस्त्रक्रियेनंतर म्हातारी माणसं रात्री भांबावतात,
नळ्या उपसतात, मेलेल्या भावंडांना हाका मारतात.
खिडकीजवळची खाट दिली तर फरक पडतो का?
कुणीतरी सगळं वाचून, तोलून लिहिलं असेलच ना?"

या "असेलच ना"वर माझा पगार चालतो.

प्रश्नाचे तुकडे केले. म्हातारपण. भूल. भ्रम. उजेड.
प्रत्येकाची सख्खी-चुलत नावं कंसात बसवली,
शब्दांच्या शेपट्या तोडून तिथे तारे लावले.
सहा हजार चारशे बारा लेख.
एवढं वाचेपर्यंत आस्लाक स्वतःच
म्हातारा होऊन खाटेवर यायचा.

मग गाळणी लावली. अकरा ओळींची,
माझ्या आधीच्या बोरगिल्डनं घडवलेली,
एकेक "किंवा" महिनोन्‌महिने पारखून बसवलेला:
शीर्षकात "सिस्टिमॅटिक", किंवा "मेटा-अ‍ॅनालिसिस",
किंवा सारांशात धुंडाळलेल्या डेटाबेसांची नावं.
एकोणचाळीस उरले.

बोरगिल्ड म्हणायची, "नको" जपून वापर.
उंदीर नकोत म्हणालीस
तर त्यांच्याबरोबर एकाच लेखात राहणारी
माणसंही निघून जातात.

एकोणचाळिसांत औषधं होती, कानातले बोळे होते,
भिंतीवरची मोठी घड्याळं होती.
खिडकी नव्हती.

कोट चढवायला घेतला, एक बाही घातली
आणि तशीच खाली बसले. गाळणी काढली.
साडेसातपर्यंत चोथा चाळत राहिले.

सापडला. फारो बेटांवरच्या तिघांनी लिहिलेला.
किती शोधले, किती टाकले, का टाकले,
सगळा हिशेब चोख.
फक्त शीर्षकात "सिस्टिमॅटिक"च्या जागी
"सिस्टेमिक".
एक अक्षर गळालेलं.
परकी भाषा, रात्रीची वेळ, होतं असं.

निष्कर्ष? पुरावा अपुरा. अपाय आढळला नाही.
आस्लाकला तेवढंच पाठवलं, पदरचं काही न घालता.

बोरगिल्डच्या अकरा ओळींखाली बारावी लिहिली:
किंवा "सिस्टेमिक रिव्ह्यू".
तारीख घातली. मग दुसरी बाही.

बाहेर बर्फात उभं राहून वर पाहिलं तर
चौथ्या मजल्यावर कुणीतरी
एक खाट काचेशी सरकवत होतं.
अजून कित्येक आठवडे उजाडणार नव्हतं.
धक्क्यावरच्या बोटीचा एक दिवा होता,
तेवढाच.