चौऱ्याण्णव ग्रॅम

गावाचं नाव सेटल.
मावशी फोनवर विचारते, झालीस का गं सेटल?
राहते तिथेच, म्हणते मी,
आणि बादलीतलं तपकिरी पाणी मोरीत ओतते.
तिसरं पाणी. अजून मेंढी सुटत नाही.

दुकान म्हणजे एक खोली.
आधी इथे जोड्यांना टाचा ठोकून मिळायच्या,
अजून कुणी तरी फाटका बूट घेऊन येतं.
खिडकीत चरखा. लोक थांबतात,
मुलांना दाखवतात, फोटो काढतात,
आणि पलीकडच्या बेकरीत जातात.
मंगळवारी बाजार, त्या दिवशी गल्ला जरा वाजतो.
सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात.
मी जेमतेम भाडं गाठते.

एका बाईने लड परत पाठवली,
हिच्यात गवताची काडी निघाली म्हणून.
निघणारच. मेंढी काय गालिच्यावर चरते?
असं लिहिलं. खोडलं.
दिलगीर आहे लिहून पैसे परत केले.

थ्वेट सांगतो, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीहून जास्त.
गेल्या साली त्याने सगळी जाळली, मागच्या बांधाला,
दोन दिवस केस जळाल्याचा वास गावभर.
मी पोत्यामागे चार पौंड देते.
तो मला वेडी समजतो
आणि वर सहा अंडी देतो.

फेब्रुवारीत आयव्हर रेस्ट्रिक आला.
हातात उशीचा अभ्रा, तोंड सुतळीने बांधलेलं.
टेबलावर ठेवून टोपी काढून उभा राहिला,
दवाखान्यात उभं राहतात तसा.
आत केस. काळे, पांढरे,
तेरा वर्षं विंचरून साठवलेले.
नेल, म्हणाला. एवढंच.
मग थोड्या वेळाने,
एक टोपी होईल का हिची?

चिमूट घेतली, ओढून बघितली.
कुत्र्याचा केस गुळगुळीत, पीळ धरत नाही,
बोट सैल पडलं की निसटतो.
मेंढीची लोकर मिसळावी लागेल, म्हटलं,
निम्मी तरी.
तो गप्प. मला वाटलं दुखावला.
मग एका बाजूने हसला, जिकडे दात नव्हते तिकडून:
जन्मभर त्यांच्याच मागे धावली ती.
तिला चालेल.
मेंढ्यांना विचार, त्यांना चालतंय का.

तीन संध्याकाळी पिंजत बसले.
काळे केस चहात, स्वेटरवर, दातांत.
पेळू वळत गेले, राखाडी,
एकही दुसऱ्यासारखा नाही.
पायाने चाक धरलं,
आणि हात मात्र प्रत्येक वितीला अडखळत होता,
जिथे ती जास्त, लोकर कमी.

वहीत मजुरी लिहायला घेतली तर
कुठल्या रकान्यात, कळेना.
शेवटी 'इतर' मध्ये लिहिली. अठरा पौंड.
मग चौदा केली.
मग चहा केला.

पीळ बसावा म्हणून लड गरम पाण्यात सोडली
आणि पावसातून आत येऊन
कुणी अंग झाडावं तसा वास
खोलीभर.
मी दाराकडे वळून बघितलंसुद्धा.

मंगळवारी तो आला. टोपी बहीण विणणार होती,
स्किप्टनची, हात दुखरे असलेली.
लड तळव्यावर घेऊन म्हणाला, जड आहे.
मी काट्यावर ठेवून दाखवली: चौऱ्याण्णव ग्रॅम.
काट्याकडे बघून तो पुन्हा म्हणाला, जड आहे.
पैसे मोजले, नाणी वेगळी, नोट वेगळी.
अभ्रा धुऊन घडी घालून ठेवला होता, तो दिला.
तो त्याने खिशात नाही, कोटाच्या आत घातला.

पिंजताना गळालेले आखूड केस
मी मागच्या अंगणात झाडून टाकले होते.
इथले लहानसे राखाडी मानेचे कावळे
ते चोचीत धरून धुराड्यावर नेत होते, घरट्याला.
हे त्याला सांगायचं राहून गेलं.
की नाही सांगितलं ते बरं,
अजून ठरत नाही.

दाराशी थ्वेटचं नवं पोतं, भिजलेलं.
वर अंड्यांचा खोका, एक फुटलेलं.
पाणी तापत ठेवलं.